वाचकांचे प्रश्न : पाठराखीण थकते तेव्हा

नेत्रभिंग आणि दृष्टिपटल (डोळ्यातला पडदा) यांच्या जैवरसायनशास्त्रावर पुण्यात तीन दशकांहून अधिक काळ काम करून निवृत्त झालेल्या आमच्या स्तंभलेखिकेकडे वाचकांनी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही गेल्या अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे देत आहोत.

प्रश्न : माझ्या वडिलांच्या दोन्ही डोळ्यांतील मोतीबिंदू दिवाळीनंतर काढले. प्रत्येक शस्त्रक्रिया अर्ध्या तासाच्या आत झाली आणि आठवड्याभरात ते वर्तमानपत्र वाचू लागले. इतका खात्रीचा उपाय हाताशी असताना आपण भिंगातील प्रथिनांच्या अभ्यासात उमेदीची वर्षे का घालवली, हे मनापासून जाणून घ्यायचे आहे. (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : आपल्या वडिलांना चांगले दिसू लागले हे वाचून फार बरे वाटले. लंडनमध्ये १९४९ साली हॅरॉल्ड रिडली यांनी डोळ्यात पहिले कृत्रिम भिंग बसवले. तेव्हापासून या शस्त्रक्रियेने जितक्या माणसांना दृष्टी परत दिली, तितक्या माणसांना भिंगावरच्या आमच्या कोणत्याही प्रयोगाने दिलेली नाही, हे मी आधीच मान्य करते. मात्र मी भिंगाकडे वळले ती औषध शोधण्यासाठी नव्हे. मला एका साध्या दिसणाऱ्या गोष्टीने तिथे ओढून नेले.

संशोधनाला लागल्यावर पहिल्याच पावसाळ्यात मार्गदर्शकांनी मला पांढऱ्या उंदरांच्या पिल्लांची भिंगे काढून बर्फात ठेवायला सांगितली होती. थोड्या वेळाने पाहते तो प्रत्येक भिंग मधोमध खडूसारखे पांढरे झालेले. नमुने आपल्या हातून नासले या समजुतीने मी रडवेली होऊन सरांकडे गेले. त्यांनी काही न बोलता भिंग असलेली काचेची नळी माझ्या मुठीत दिली आणि जरा वेळ तशीच धरून ठेवायला सांगितले. मूठ उघडली तेव्हा आतले भिंग दवबिंदूसारखे नितळ झाले होते. याला शीत-मोतीबिंदू म्हणतात. कोवळ्या भिंगातील गॅमा क्रिस्टलिन नावाची प्रथिने गारव्यात एकमेकांजवळ सरकतात आणि दाट थेंब व विरळ द्रव असे दोन भाग पडतात. त्या दोहोंच्या सीमेवर प्रकाश विखुरतो आणि भिंग पांढरे दिसते. ऊब मिळाली की दोन्ही भाग पुन्हा मिसळतात. थंडीत खोबरेल तेलाची बाटली पांढरी होते आणि उन्हात ठेवली की स्वच्छ होते, त्याची आठवण यावी असा हा प्रकार आहे, मात्र भिंगात गोठत काहीच नाही.

त्याच संध्याकाळी सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. अंड्यातला पांढरा भाग उकडल्यावर जो पांढरा होतो तो पुन्हा कधीच पारदर्शक होत नाही, आणि म्हातारपणाचा मोतीबिंदू हा त्या दुसऱ्या जातीचा पांढरेपणा आहे. मुठीत विरघळणारा पांढरेपणा आणि उकडलेल्या अंड्याचा पांढरेपणा यांच्यामध्ये नेमके काय घडते, हा प्रश्न मला त्या दिवशी मिळाला आणि पुढे कित्येक वर्षे तो पुरला.

भिंगाच्या ओल्या वजनापैकी जवळजवळ एक तृतीयांश प्रथिने असतात. अंड्याच्या पांढऱ्या भागात ती दहा टक्क्यांच्या आसपास असतात. इतकी दाट प्रथिने असलेला पदार्थ दुधासारखा दिसायला हवा. तरीही भिंगातून प्रकाश आरपार जातो, कारण ही प्रथिने इतक्या दाटीने आणि इतक्या सारख्या अंतरांवर बसलेली असतात की त्यांनी विखुरलेला प्रकाश बहुतांशी एकमेकांना रद्द करतो. भिंगातील तंतुपेशी पारदर्शकतेसाठी मोठी किंमत मोजतात. त्या आपले केंद्रक आणि इतर अंगके टाकून देतात, त्यांना रक्तवाहिन्या नसतात, आणि त्यामुळे एकदा तयार झालेले प्रथिन बदलण्याची सोयच उरत नाही. आपल्या भिंगाच्या गाभ्यातील प्रथिने आपण आईच्या पोटात असताना बनलेली असतात आणि ऐंशीव्या वर्षीही तीच तिथे असतात. २०१६ साली ग्रीनलंड शार्क माशांचे वय शास्त्रज्ञांनी त्यांच्या भिंगाच्या गाभ्यातील कार्बनवरून काढले, आणि त्यांतील सर्वांत मोठ्या माशाचे वय सुमारे ३९२ वर्षे आले. त्यात १२० वर्षे इकडेतिकडे होऊ शकतात, तरीही जन्मापूर्वीची प्रथिने शतकानुशतके जागच्या जागी राहतात यावर त्याहून बोलका पुरावा मला माहीत नाही.

ऊन, प्राणवायूची रसायने, साखर यांचे घाव सोसत इतकी वर्षे काढायची तर कुणीतरी सांभाळणारे हवे. नव्या नवरीबरोबर सासरी पाठराखीण जाते, तशी भिंगात अल्फा क्रिस्टलिन असते. शेजारचे प्रथिन घडी उलगडून विस्कटू लागले की ती त्याला धरून ठेवते आणि त्याला इतर विस्कटलेल्या प्रथिनांशी चिकटू देत नाही. १८९४ पासून क्रिस्टलिन प्रथिनांचे वेगवेगळे प्रकार माहीत होते आणि अल्फा क्रिस्टलिन ही केवळ भिंग भरून काढणारी सामग्री मानली जात असे. तिचे हे राखणीचे काम जोसेफ हॉरविट्झ यांनी १९९२ मध्ये दाखवून दिले. तो शोधनिबंध आमच्याकडे पोहोचला तेव्हा आम्ही तो एकत्र बसून दोनदा वाचला, कारण आमच्या वह्यांमधली अनेक न उलगडलेली निरीक्षणे त्याने एका दमात जागेवर बसवली. मात्र या पाठराखिणीलाही मर्यादा आहे. ती विस्कटलेल्या प्रथिनाला पूर्ववत करत नाही, केवळ धरून ठेवते, आणि तिचा साठा नव्याने भरला जात नाही. मानवी भिंगांच्या अभ्यासात असे आढळले आहे की गाभ्यातील मोकळी अल्फा क्रिस्टलिन चाळिशी-पंचेचाळिशीपर्यंत जवळजवळ संपते. त्याच वयात आपल्याला चाळिशी लागते, आणि या दोन गोष्टींचा संबंध असावा असे अनेक संशोधक मानतात. मलाही ते पटते.

आता आपल्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येते. अल्फा क्रिस्टलिनचा एक प्रकार हृदयात, स्नायूंत आणि मेंदूतही असतो. १९९८ मध्ये एका फ्रेंच कुटुंबात या प्रथिनातील केवळ एक अमिनो आम्ल बदलल्यामुळे स्नायूंचा विकार आणि मोतीबिंदू दोन्ही होत असल्याचे सिद्ध झाले. प्रथिने विस्कटून एकमेकांना चिकटणे हा प्रकार अल्झायमरसारख्या मेंदूच्या विकारांतही दिसतो. शस्त्रक्रियेने भिंग काढून टाकता येते, मेंदू काढून टाकता येत नाही. भिंगासारखे स्वच्छ, एकाच कामाला वाहिलेले आणि बाहेरून प्रकाश टाकून आत पाहता येण्याजोगे ऊतक शरीरात दुसरे नाही, म्हणून प्रथिने म्हातारी कशी होतात हे शिकायला आम्ही तिथे गेलो.

प्रश्न : मोतीबिंदू विरघळवणारे थेंब निघाल्याच्या जाहिराती मोबाइलवर सतत येतात. आईचे वय ६८ आहे आणि तिला शस्त्रक्रियेची भीती वाटते. थेंब वापरून पाहावेत का? (एक वाचक, हडपसर)

उत्तर : वापरू नयेत. म्हातारपणाचा मोतीबिंदू घालवणारे कोणतेही थेंब, गोळी किंवा काढा आज सिद्ध झालेला नाही. हे लिहिताना मला दुःख होते, कारण असे औषध निघावे यासाठी माझ्या पिढीने खरोखर कष्ट केले. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत डी. बालसुब्रमणियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भिंगातील प्रथिनांना होणारी ऑक्सिडीकरणाची इजा आणि ती रोखू शकणारे वनस्पतींतील घटक यांवर निष्ठेने काम केले, आणि आम्हीही आमच्या परीने तेच करत होतो. परीक्षानळीत आणि उंदरांत आशादायक वाटणारी रसायने माणसाच्या भिंगाच्या गाभ्यापर्यंत पुरेशा प्रमाणात पोहोचत नाहीत, आणि पोहोचली तरी एकदा जखडून बसलेली प्रथिने सुटी करणे हे उकडलेले अंडे पुन्हा कच्चे करण्याइतके अवघड असते.

जाहिरातींत बहुधा लॅनोस्टेरॉलचे नाव असते. २०१५ मध्ये एका नामांकित नियतकालिकात असा निबंध आला होता की जन्मजात मोतीबिंदू असलेल्या काही कुटुंबांत लॅनोस्टेरॉल बनवणाऱ्या जनुकात दोष आहे आणि कुत्र्यांच्या भिंगांवर त्या पदार्थाने पांढरेपणा कमी झाला. मी तो वाचून रात्रभर जागी होते. त्याच वर्षी भारतातील नेत्रतज्ज्ञांनी शस्त्रक्रियेत काढलेले मानवी मोतीबिंदूचे गाभे लॅनोस्टेरॉलच्या द्रावणात ठेवून पाहिले, आणि त्यांत फरक पडला नाही. मूळ निबंध खोटा होता असे मी म्हणत नाही. त्यातून औषध निर्माण झालेले नाही, एवढेच आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

आईची भीती समजण्यासारखी आहे. मोतीबिंदू पूर्ण पिकेपर्यंत थांबायचे हा जुना समज आहे. आता दैनंदिन कामात अडथळा येऊ लागला की शस्त्रक्रिया करता येते, आणि अतिपिकलेल्या मोतीबिंदूतून प्रथिने बाहेर झिरपून डोळ्यातील दाब अचानक वाढण्याचा धोका असतो. थेंबांच्या नादात एखादे वर्ष गेले तर नेमके हेच होऊ शकते. आपल्या आईंना शस्त्रक्रिया झालेल्या एखाद्या शेजारीणबाईंशी निवांत बोलू द्यावे. माझ्या अनुभवात याने भीती सर्वांत लवकर कमी होते.

प्रश्न : मला दहा वर्षांपासून मधुमेह आहे. साखर वाढली की चष्म्याचा नंबर बदलल्यासारखे वाटते. तेवढे सोडले तर दिसण्याची तक्रार नाही, तरी डॉक्टर दर वर्षी पडदा तपासायला सांगतात. हे खरेच आवश्यक आहे का? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : अत्यंत आवश्यक आहे, आणि आपल्या पत्रातील दोन वाक्ये दोन वेगळ्या ऊतकांबद्दल आहेत म्हणून मी ती वेगळी करते.

नंबर बदलतो तो भिंगामुळे. रक्तातील साखर वर-खाली झाली की भिंगातील पाण्याचे प्रमाण आणि त्याबरोबर त्याची प्रकाश वळवण्याची क्षमता बदलते. हा बदल तात्पुरता असतो, म्हणून साखर काही आठवडे स्थिर राहिल्यावरच नवा चष्मा करावा. ऑक्सफर्डमध्ये रूथ व्हॅन हेनिंगन यांनी १९५९ साली दाखवले की मधुमेही उंदरांच्या भिंगात साखरेपासून सॉर्बिटॉल तयार होऊन साठते. ते पेशीबाहेर सहज पडत नाही, पाणी ओढून घेते आणि भिंग फुगते. हे रूपांतर करणाऱ्या एन्झाइमला रोखले की मधुमेहाचे डोळ्यावरचे सगळे परिणाम रोखता येतील, अशी आशा पुढे जगभर निर्माण झाली. सॉर्बिनिल हे तसे औषध मधुमेही रुग्णांना अनेक वर्षे देऊन पाहिले गेले आणि १९९० मध्ये निकाल आला, तेव्हा दृष्टिपटलाच्या विकारावर त्याचा उपयोगी ठरेल असा परिणाम दिसला नाही. उंदराच्या भिंगात हे एन्झाइम भरपूर असते, माणसाच्या भिंगात ते बरेच कमी असते. एका प्राण्यात पक्का बसलेला धागा दुसऱ्यात सैल निघतो, हे मी तेव्हा शिकले, आणि त्याच सुमारास माझे लक्ष भिंगाकडून दृष्टिपटलाकडे वळू लागले. भिंग गेले तर बदलता येते. पडदा गेला तर बदलता येत नाही.

दृष्टिपटल, म्हणजे आपण ज्याला पडदा म्हणतो ते, स्वभावाने भिंगाच्या अगदी उलट आहे. भिंग काहीच बदलत नाही, तर पडद्यातील दंडाकार पेशी आपल्या टोकाकडील चकत्यांपैकी साधारण दहावा भाग दररोज टाकून देतात आणि तितकाच नवा बनवतात. टाकलेला भाग मागच्या रंगद्रव्य-स्तरातील पेशी रोजच्या रोज गिळून पचवतात. या कामाला प्राणवायू प्रचंड लागतो, आणि मधुमेहात नेमका त्याच्या पुरवठ्यावर घाला येतो. आधी केशवाहिन्यांना आधार देणाऱ्या पेशी मरतात, मग भिंतींना बारीक फुगे येतात, त्यांतून द्रव आणि रक्त झिरपते, काही वाहिन्या बंद पडतात. उपाशी पडद्यातून नव्या वाहिन्या वाढवण्याचा संदेश निघतो. पण त्या वाहिन्या कच्च्या असतात आणि फुटतात. आय. सी. मायकेलसन यांनी १९४८ मध्ये अशा संदेशाचे अस्तित्व केवळ तर्काने मांडले होते. त्याचे काम करणारे प्रथिन, व्हीईजीएफ, १९८९ मध्ये ओळखले गेले, १९९४ मध्ये ते मधुमेही रुग्णांच्या डोळ्यांतील द्रवात वाढलेले सापडले, आणि त्याला बांधून ठेवणारी इंजेक्शने या शतकात डोळ्यात देता येऊ लागली. आज आपले नेत्रतज्ज्ञ जे इंजेक्शन सुचवतात, त्यामागे जवळजवळ साठ वर्षांची ही वाट आहे.

या सगळ्या काळात, पडद्याच्या मध्यबिंदूला सूज येईपर्यंत किंवा रक्तस्राव होईपर्यंत, रुग्णाला बहुधा काहीच जाणवत नाही. दुखत नाही, लाल होत नाही, अक्षरे स्पष्ट दिसतात. म्हणूनच बाहुली मोठी करणारे थेंब घालून वर्षातून एकदा पडदा पाहणे आवश्यक आहे. साखर ताब्यात ठेवण्याचे मोलही मोजलेले आहे: अमेरिकेतील पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांच्या अभ्यासाचा १९९३ मधील निष्कर्ष असा होता की काटेकोर नियंत्रण ठेवणाऱ्यांत, सुरुवातीला पडदा निरोगी असल्यास, विकार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. आपण यंदाची तपासणी केली नसेल तर कृपया या महिन्यातच करावी.

प्रश्न : गाजर खाल्ल्याने चष्मा जातो का? (एक गृहिणी, सदाशिव पेठ)

उत्तर : जात नाही. चष्म्याचा नंबर डोळ्याच्या लांबीवर आणि पारपटल (बुबुळावरचा पारदर्शक भाग) व भिंग यांच्या वक्रतेवर ठरतो, आणि त्यावर गाजराचा परिणाम होत नाही. जीवनसत्त्व अ मात्र पडद्याला खरोखर लागते. जॉर्ज वाल्ड यांनी १९३३ मध्ये ते दृष्टिपटलात शोधले आणि १९६७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. दुपारी लक्ष्मी रस्त्यावरच्या उन्हातून जुन्या वाड्याच्या बोळात शिरल्यावर काही वेळ काहीच दिसत नाही, कारण उजेडात खर्ची पडलेले ऱ्होडोप्सिन, म्हणजे पडद्यातील प्रकाश टिपणारे रंगद्रव्य, त्या जीवनसत्त्वापासून पुन्हा बनायला वेळ लागतो. ज्याच्या आहारात त्याचा अभाव असतो त्याला रातांधळेपणा येतो. ज्याचा आहार पुरेसा आहे, त्याने गाजर आवडीने खावे. मेथी, शेवग्याचा पाला आणि पिकलेला आंबाही तेच काम करतात.

प्रश्न : मी बारावी विज्ञान शाखेत आहे. मला डोळ्यावर संशोधन करायचे आहे, पण घरच्यांचे म्हणणे आहे की आधी नीट द्यावी आणि गुण कमी पडले तरच संशोधनाचा विचार करावा. (एक विद्यार्थिनी, सिंहगड रस्ता)

उत्तर : नीट अवश्य दे, त्यात गैर काही नाही, पण संशोधन ही उरलेल्यांची जागा आहे असे मनात धरून तिकडे येऊ नकोस. तसे आलेले हुशार विद्यार्थी मी पाहिले आहेत. तिसऱ्या-चौथ्या वर्षी प्रयोग सलग फसू लागले की त्यांना आपण हरलेल्या परीक्षेचीच आठवण होते, आणि ते सोडून जातात. ज्याला प्रश्न आवडलेला असतो, तो त्याच काळात टिकतो.

मार्ग पुण्यातच आहेत. पाषाणच्या आयसर संस्थेत बारावीनंतर त्यांच्या स्वतंत्र प्रवेश परीक्षेतून जाता येते. अन्यथा रसायनशास्त्र, जैवरसायनशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान घेऊन बी.एस्सी. आणि एम.एस्सी. करावे, नंतर सीएसआयआर-यूजीसी नेट देऊन कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळवावी. जानेवारी २०२३ पासून ती दरमहा ३७,००० रुपये आहे. गणेशखिंडीतील विद्यापीठ, त्याच परिसरातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आणि पाषाण रस्त्यावरील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा या तिन्ही जागा एका दुपारी बाहेरून तरी पाहून ये. गणित टाळण्यासाठी जीवशास्त्र निवडू नकोस. भिंग समजायला प्रकाशाचे भौतिकशास्त्र लागते आणि रुग्णांची माहिती समजायला संख्याशास्त्र. ही दोन्ही मला तिशी उलटल्यावर शिकावी लागली आणि ती ओढाताण तुला टाळता येईल.

घरच्यांना एक गोष्ट खरी सांग: या कामात खात्री नसते. एका गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली, आमच्या शीतकपाटाचा पर्यायी पुरवठा सुरू झाला नाही, आणि आठ महिने जमवलेली भिंगे वाया गेली. आम्ही पहिल्या नमुन्यापासून पुन्हा सुरुवात केली. त्याबरोबर त्यांना हेही सांग की २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या जनुकोपचाराने, आरपीई-६५ या जनुकातील दोषामुळे जन्मापासून अंधत्वाकडे जाणाऱ्या मुलांपैकी काहींना अंधुक उजेडात वाट काढता येऊ लागली. ते जनुक ज्या एन्झाइमचे आहे, ते वर उल्लेखलेले जीवनसत्त्वाचे चक्र फिरवत ठेवते. ते चक्र समजून घेण्यात ज्यांनी दशके घालवली त्यांतील कित्येकांना याचा उपयोग कुणाला होईल हे ठाऊक नव्हते.

प्रश्न : माझे वय ७६ आहे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे आणि मधुमेहही आहे. मला नेत्रदान करता येईल का, आणि माझे डोळे संशोधनाला उपयोगी पडतील का? (एक निवृत्त शिक्षक, नारायण पेठ)

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे उत्तर होकारार्थी आहे. नेत्रदानात दुसऱ्याला बसवले जाते ते पारपटल, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक भाग. त्यामुळे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, चष्मा, वय किंवा मधुमेह आड येत नाहीत. रेबीज, एचआयव्ही, काविळीचे काही प्रकार, रक्तातील जंतुसंसर्ग अशा कारणांनी मात्र ते पारपटल रोपणासाठी घेता येत नाही. रोपणास योग्य न ठरलेले डोळे कुटुंबीयांची संमती असल्यास शिक्षण आणि संशोधनासाठी वापरता येतात. वर मी लिहिले की मानवी भिंगाच्या गाभ्यातील पाठराखीण चाळिशी-पंचेचाळिशीपर्यंत संपते. ही माहिती उंदरांकडून मिळणे शक्य नव्हते, ती अशाच दात्यांच्या डोळ्यांतून मिळाली. मधुमेही दात्याचा पडदाही संशोधकाच्या दृष्टीने तितकाच मोलाचा असतो.

अर्ज भरून ठेवण्यापेक्षा घरातल्यांना सांगून ठेवणे अधिक महत्त्वाचे आहे, कारण त्या वेळी नेत्रपेढीला फोन त्यांनाच करायचा असतो आणि डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात. तोवर पापण्या मिटवून त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवाव्यात, डोक्याखाली उशी ठेवून ते थोडे उंच करावे आणि खोलीतला पंखा बंद करावा. पथक घरी येते, काम थोड्याच वेळात होते आणि चेहऱ्यावर विद्रूपता राहत नाही. नेत्रपेढीचा दूरध्वनी क्रमांक टेलिफोनजवळच्या वहीत आजच लिहून ठेवावा.